अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून काकांचे कागद कसे काढायचे? (राजापूरचा सातबारा अडलाय)

हापूसवाली
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. सातबाऱ्यावर २३ नावं, त्यातलं एक माझ्या मोठ्या काकांचं. काका १९६८ साली ओहायोत शिकायला आले आणि तिथलेच झाले. २००९ मध्ये ते गेले, २०१९ मध्ये काकू. मूलबाळ नाही. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत आणि आपल्या हयातीत वारस नोंद उरकायचीच असं त्यांनी घेतलंय. तलाठी म्हणतो, दोघांचे मृत्यूचे दाखले आणा आणि त्यांना तिकडे मुलं नव्हती याचा काहीतरी कागद आणा. वर हेही, "अमेरिकेत कोणाचं काय काय असतं, आम्हाला काय माहीत?"

मी मिशिगनमध्ये असते. काकांचं नाव गूगलवर टाकलं की "या व्यक्तीच्या अटकेच्या नोंदी सापडल्या!" असं लाल अक्षरात ओरडणाऱ्या साइट उघडतात आणि २९ डॉलर मागतात. आमचे काका लाल सिग्नलसुद्धा तोडत नसत. काउंटीच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या) साइटवर गेले तर तिथे क्लार्क, रेकॉर्डर, ऑडिटर, प्रोबेट असे सात-आठ दरवाजे. कुठला ठोठावायचा? कोणी हे केलंय का?

बटाटेभात
रुमाल टाकून ठेवतो. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच होणार आहे, फक्त गाव संगमेश्वर.

क्लीव्हलंडकर
हापूसवालीताई, बरोबर ठिकाणी आलात. मी इथल्या एका टायटल कंपनीत १४ वर्षं नोकरी करते. लोकांनी घर विकत घेण्याआधी त्या घराची जुनी कागदपत्रं चाळणं हेच माझं रोजचं काम.

पहिली गोष्ट, ती लाल अक्षरवाली साइट बंद करा. ते लोक काउंट्यांकडूनच माहिती गोळा करतात आणि तीनचार जणांची खिचडी करून विकतात.

दुसरी गोष्ट, 'कोर्ट' हा शब्द डोक्यातून काढा. आपल्याकडे तहसील कचेरीच्या आवारात तलाठी, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख अशी वेगवेगळी टेबलं असतात ना, तसंच आहे हे. ओहायोत ८८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत साधारण अशी विभागणी:

घराजमिनीचे दस्त रेकॉर्डरकडे. घराची किंमत, कर आणि सध्याचा मालक ऑडिटरकडे. मृत्युपत्र, वारसाची प्रकरणं आणि (हे कुणाला माहीत नसतं) लग्नाची लायसन्सं प्रोबेट कोर्टात. घटस्फोट कॉमन प्लीज कोर्टाच्या कौटुंबिक शाखेत, त्याच्या फायली क्लर्क ऑफ कोर्ट्सकडे. जन्म-मृत्यू आरोग्य खात्याकडे.

तुमचं नशीब चांगलं की काका ओहायोत राहिले. इथे मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत कोणालाही मिळते, नातं सिद्ध करावं लागत नाही. कॅलिफोर्नियात तुम्हाला 'फक्त माहितीसाठी' असा शिक्का मारलेली प्रत हातात ठेवली असती. तलाठ्याने ती नाकारली असती आणि ते बरोबरच झालं असतं.

सुरुवात ऑडिटरच्या साइटवरून करा. फुकट आहे, नाव टाका, घराचा फोटोसुद्धा दिसेल.

हापूसवाली
घराचा फोटो दिसला! काकूंनी लावलेला गुलाब अजून आहे. नव्या मालकाचं नाव आणि त्याने किती डॉलरला घेतलं तेही आहे. एवढं उघडं असतं सगळं?

पुणेरी पाटी
असतं. माझ्या बायकोने आमच्या ओळखीच्या प्रत्येकाच्या घराची किंमत पाहिलेली आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात कोण किती वर्गणी देईल याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. मी काही बोलत नाही.

निवृत्त नाझर
मी रत्नागिरी जिल्ह्यात न्यायालयात ३१ वर्षे नोकरी केली. अमेरिकेचे मला ठाऊक नाही, इकडचे सांगतो.

मिळकत स्थावर आणि इथली, म्हणून वारसाला कायदा इथला लागतो. आपले काका गेले तेव्हा काकू हयात. मूल नाही, आणि आपली आजी त्याआधीच गेली असेल, तर हिस्सा काकूंकडे गेला. पुढे काकू गेल्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १५(२) असे सांगते की स्त्रीला नवऱ्याकडून वारसाने आलेली मिळकत, तिला मुले नसल्यास, नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या माहेराकडे नाही. म्हणजे आपल्या वडिलांकडे. पण हे सर्व मृत्युपत्र नसल्यास. तेव्हा दोघांपैकी कोणी मृत्युपत्र केले होते का हे पाहणे आवश्यक. आणि अपत्य नव्हते हेही. तलाठी उगाच अडवत नाही, त्याला सहा-क च्या नोंदवहीत वारस लिहायचे असतात. उद्या कोणी उगवला तर प्रश्न त्याला विचारतात.

क्लीव्हलंडकर
नाझरकाका, नेमकं सांगितलंत. मग ताई, प्रोबेट कोर्टात दोघांच्या नावाने शोधा. कोर्टात दाखल झालेलं मृत्युपत्र इथे कोणीही वाचू शकतं. प्रकरण उघडताना एक छापील अर्ज भरावा लागतो, फॉर्म १.०. त्यात हयात जोडीदार, मुलं, जवळचे नातेवाईक यांची यादी असते. तुमच्या तलाठ्याला हवा असलेला कागद बहुधा तोच.

हापूसवाली
प्रोबेटच्या साइटवर काकूंचं प्रकरण सापडलं, काकांचं नाही. घर तर त्यांच्या नावावर होतं!

क्लीव्हलंडकर
घर कधी घेतलं होतं?

हापूसवाली
१९८६.

क्लीव्हलंडकर
मग दोघांच्या नावावर असणार, 'सर्व्हायव्हरशिप'ने. १९८५ पासून ओहायोत ती सोय कायद्याने झाली. एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, कोर्टात जायचं कारण नाही. काकूंनी रेकॉर्डरकडे एक प्रतिज्ञापत्र आणि मृत्यूचा दाखला नोंदवला असेल, तेवढंच. पण गाडी किंवा बँकेतल्या पैशांसाठी छोटं प्रकरण असू शकतं. आडनाव वेगवेगळं लिहून बघा. काय आहे आडनाव?

हापूसवाली
सहस्रबुद्धे.

क्लीव्हलंडकर
अरे देवा. 'बुद्धे' म्हणून शोधा. 'सहस्र' म्हणूनही. वडिलांचं नाव मधे असतं, तेही आडनाव समजून टाकून बघा. मी एका कुलकर्ण्यांचे कागद 'विनायक' या आडनावाखाली काढलेले आहेत.

हापूसवाली
'बुद्धे' खाली सापडलं. २००९. 'रिलीज फ्रॉम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' असं काहीतरी लिहिलंय, पण क्लिक केलं तर पानं दिसत नाहीत. फक्त तारखांची यादी.

क्लीव्हलंडकर
लहान इस्टेटीचं प्रकरण आहे ते. पानं बघायची तर जावं लागेल. बहुतेक काउंट्यांत इंटरनेटवर यादी असते आणि कागद इमारतीत. जुनं म्हणाल तर यादीसुद्धा इमारतीतच, मोठ्या चामडी वह्यांत. जाण्याआधी फोन करा आणि केस नंबर सांगा, म्हणजे ते गोदामातून मागवून ठेवतील.

अभ्यासू मांजर
अवांतर: त्या वह्या असल्या तर नशीब. सिनसिनाटीत १८८४ साली दंगलीत कोर्टाची इमारत जाळली होती, हॅमिल्टन काउंटीचे असंख्य कागद गेले. शिकागोत १८७१ च्या आगीत कुक काउंटीचे जमिनीचे दस्तच गेले. गावातल्या खासगी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी दस्तांचे गोषवारे करून ठेवले होते, ते त्यांनी आगीतून बाहेर काढले आणि पुढे कायदा करून तेच पुरावा म्हणून मानले गेले. क्लीव्हलंडकर, तुमच्या धंद्यातले पूर्वज!

क्लीव्हलंडकर
हो, आम्ही ही गोष्ट नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. 😀

हापूसवाली
अपडेट. काल जाऊन आले. काउंटीचं नाव लिहीत नाही, कारण एका खिडकीवरच्या बाईंबद्दल पुढे लिहिणार आहे.

सकाळी ६ ला निघाले, साडेतीन तास गाडी. दारात विमानतळासारखी तपासणी. डब्यातल्या भाजीसाठी घेतलेली छोटी सुरी काढून ठेवावी लागली. गार्ड म्हणाला, जाताना घेऊन जा. (जाताना विसरले.)

आधी आरोग्य खातं, ते शेजारच्या इमारतीत. दोन्ही दाखले वीस मिनिटांत. मग प्रोबेट. तिथल्या बाई म्हणाल्या, "२००९ चं ऑनलाइन आहे." मी म्हटलं, पानं नाहीत. "ऑनलाइन आहे." तीनदा. शेवटी मी क्लीव्हलंडकरांनी सांगितल्याप्रमाणे केस नंबर लिहिलेली चिठ्ठी काचेखालून सरकवली तशा त्या उठल्या आणि मागच्या कपाटातून फाइल काढली. मी फोन केल्यावर आदल्या दिवशीच मागवलेली होती. तिथेच.

फॉर्म १.० मिळाला. जोडीदार: काकू. मुलं: कोरं. मृत्युपत्र: नाही. काकूंच्या फायलीत मृत्युपत्र आहे, पण त्यात फक्त इथली बँकेतली रक्कम आणि देवळाला देणगी. शेवटी उरलेलं सगळं, जे काही असेल ते, "माझ्या पतीच्या धाकट्या भावाला". मी तिथेच बाकावर बसून ते तीनदा वाचलं.

वेळ होता म्हणून रेकॉर्डरकडे गेले, १९८६ चा दस्त बघायला. इथे लिहून देणाऱ्यांची सूची वेगळी, लिहून घेणाऱ्यांची वेगळी. अगदी आपल्या सूची दोनची आठवण झाली. सूचीत खंड आणि पान मिळतं, मग तो खंड काढायचा किंवा स्क्रीनवर बघायचा. मी नाव टाकलं तर काकांचे दोन दस्त आणखी निघाले. १९७४ साली एक घर घेतलंय. १९७७ साली ते विकलंय.

१९७७ च्या विक्रीच्या दस्तावर काकांबरोबर एका बाईची सही आहे. अमेरिकन नाव, आडनाव सहस्रबुद्धे. "पत्नी."

काका-काकूंचं लग्न १९८० साली पुण्यात झालं. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण फोटो आहेत.

बटाटेभात
😮

पुणेरी पाटी
रुमालावर बसलेल्यांनी पाणी पिऊन घ्या.

क्लीव्हलंडकर
ओहायोत डॉवर नावाचा जुना हक्क अजून आहे. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी बायकोचा त्यात हयातभराचा हक्क धरतात, म्हणून विकताना तिने सही करून तो सोडावा लागतो. बाकी बहुतेक राज्यांनी हा हक्क कधीच काढून टाकला, तुमच्या मिशिगननेही २०१७ मध्ये काढला. त्यामुळे ओहायोच्या दस्तांतून माणसाची वैवाहिक स्थिती वर्षागणिक कळते. आमच्या कामात हे रोज दिसतं, पण रोज दुसऱ्याच्या घरातलं असतं. तुम्ही बऱ्या आहात ना?

हापूसवाली
बरी आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.

शरयूकाठ
मला एक विचारावंसं वाटतं, राग मानू नका. काकांनी ही गोष्ट आयुष्यभर कोणाला सांगितली नाही. काकूंना माहीत असेल, नसेल. ती तुम्ही उकरावी का? कागद उघडा आहे म्हणून तो वाचलाच पाहिजे असं थोडंच आहे?

निवृत्त नाझर
शरयूताई, एरवी मी आपल्याच बाजूने बोललो असतो. पण पहिल्या विवाहातून अपत्य झाले असेल तर सगळे चित्रच बदलते. ते अपत्य आपल्या काकांचे वारस ठरू शकते, आणि २००९ च्या अर्जात काकूंनी मुलांची जागा कोरी ठेवली ती माहिती नसल्यानेही ठेवली असेल. आपल्या वडिलांनी तलाठ्यापुढे प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी हे कळणे आवश्यक आहे. खोटे प्रतिज्ञापत्र अजाणता झाले तरी निस्तरावे लागते.

अभ्यासू मांजर
नाझरकाकांशी सहमत. पण इथे नाव-गाव लिहू नका, ती बाई हयात असेल.

हापूसवाली
नाव लिहिणार नाही. नाझरकाका, तुम्ही म्हणता तेच मला रात्रभर छळत होतं.

क्लीव्हलंडकर
मग क्रम असा. प्रोबेटकडे लग्नाची सूची, १९६८ ते १९७४. लग्न त्याच काउंटीत झालं असेल तर मिळेल. ओहायोच्या काउंट्यांच्या लग्नाच्या वह्यांचे स्कॅन फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहेत, आधी घरबसल्या तिथे बघा. घटस्फोट क्लर्क ऑफ कोर्ट्सकडे, १९७७ ते १९८०. हुकूमनाम्यात मुलांबद्दल एक वाक्य असतंच, असली तर नावं आणि नसली तर 'नाहीत'. तेवढं एक पान प्रमाणित करून घ्या. बाकीची फाइल वाचू नका असं मी म्हणेन, पण ते तुमचं तुम्ही ठरवा. न्यू यॉर्कमध्ये असता तर घटस्फोटाची फाइल पक्षकारांशिवाय कोणाला १०० वर्षं दाखवलीच नसती.

रविवारची मिसळ
थोडं अवांतर, पण हा धागा वाचून मीही आमच्या घराचे जुने कागद काढले. कॅलिफोर्नियात, १९४० च्या दशकातली वस्ती. वसाहतीच्या मूळ नियमावलीत स्वच्छ लिहिलंय की गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहू नये, नोकर सोडून. मी हे माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून वाचत होतो. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, पण कागदावर शाई तशीच. २०२१ च्या कायद्याने आता काउंटी रेकॉर्डरला अशा ओळी शोधून त्यावर काट मारावी लागते. बायको म्हणाली, काटू नको, फ्रेम कर.

अभ्यासू मांजर
तुमच्या कॅलिफोर्नियाचाच आणखी एक कागद. सखाराम गणेश पंडित. नावावरून आपल्या गल्लीतले वाटतात, जन्म अहमदाबादचा. १९१४ साली लॉस एंजेलिसच्या काउंटी न्यायालयात त्यांना नागरिकत्व मिळालं. तेव्हा काउंटीची कोर्टंही नागरिकत्व देत असत. पुढे ते वकील झाले आणि भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लढले. १९२३ साली तो हरले, हिंदी माणूस 'गोरा' नाही असा निकाल लागला आणि सरकार खुद्द पंडितांचंच नागरिकत्व काढायला निघालं. १९२६ साली अपील कोर्टाने सांगितलं, १९१४ मध्ये त्या कोर्टासमोर हा प्रश्न येऊन निकाल लागलेला आहे, तो आता पुन्हा उकरता येणार नाही. बारा वर्षांपूर्वीच्या काउंटीतल्या हुकमाने माणूस वाचला.

पुणेरी पाटी
मांजर, तुमचं अवांतर मूळ धाग्यापेक्षा लांब होत चाललंय. पण चालू द्या.

बटाटेभात
एक प्रश्न. गेल्या वर्षी घर घेतल्यावर एक सरकारी दिसणारं पत्र आलं, "तुमच्या दस्ताची प्रत मागवा, ९५ डॉलर". मी भरले. चूक केली का?

क्लीव्हलंडकर
केलीत. घर नोंदलं की महिन्याभरात ही पत्रं येतात, कारण नोंद उघडी असते आणि हे लोक रोज नवी यादी उतरवून घेतात. तीच प्रत रेकॉर्डरकडे काही डॉलरांत मिळते. आमच्याकडे पानाला २ डॉलर. ९५ डॉलरला मी तुम्हाला दस्त वाचून दाखवला असता, वर चहा. एक मात्र करा, बऱ्याच काउंट्या फुकट सूचना सेवा देतात. तुमच्या नावावर काही नोंदलं गेलं की ईमेल येते.

हापूसवाली
सगळ्यांसाठी अपडेट.

लग्न: १९७२, फॅमिलीसर्चवर सूचीत सापडलं. यावेळी आडनाव 'सहश्रबुधे'. अर्जाची प्रत प्रोबेटने टपालाने पाठवली. त्यात वराचा धंदा, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव असे रकाने आहेत. आजीचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. बाबांनाही एकदम आठवेना. ते ओहायोतल्या एका अर्जावर टंकलेलं आहे आणि खाली काकांची सही आहे, घरच्या पत्रांवर असायची तीच, शेवटी दोन टिंबं.

घटस्फोट: १९७८. क्लर्क ऑफ कोर्ट्सकडची फाइल मायक्रोफिल्मवर होती, अकरा दिवस लागले. शरयूताई, मी हुकूमनाम्याचं ते एकच पान मागवलं, बाकीची फाइल मागितली नाही. "या विवाहातून अपत्य नाही." एवढं एक वाक्य.

बाबांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "७३ साली तो दिवाळीला यायचा होता. तिकीट काढलं होतं. आला नाही." आणखी काही बोलले नाहीत.

शरयूकाठ
धन्यवाद सांगितल्याबद्दल.

निवृत्त नाझर
आता कागद असे लावा. दोन्ही मृत्यूचे दाखले, फॉर्म १.०, घटस्फोटाच्या हुकमाचे पान, काकूंचे मृत्युपत्र. सर्व प्रमाणित प्रती, आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे, त्यामुळे दूतावासाचा शिक्का लागत नाही. तलाठी इंग्रजी कागद घ्यायला का-कू करेल, मराठी भाषांतर सोबत जोडा. काकूंच्या मृत्युपत्रात "उरलेले सर्व" वडिलांना आहे, म्हणजे कलम १५ नेही तिथेच आणि मृत्युपत्रानेही तिथेच. तरी एकदा राजापुरात वकिलाला दाखवा.

क्लीव्हलंडकर
अपोस्टिल ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, कोलंबसला. मिशिगनमध्ये नका नेऊ, ज्या राज्याचा कागद त्याच राज्याचा शिक्का. दर आठवड्याला कोणीतरी ही चूक करतं.

हापूसवाली
शेवटचं (बहुतेक). अर्ज गेला, फेरफाराची नोटीस निघाली. १५ दिवसांत हरकत घ्यायची मुदत आहे. उरलेल्या २२ नावांपैकी कोण घेतं ते बघू. तलाठ्याने अपोस्टिलचा शिक्का उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हा सोनेरी कागद खरा आहे ना?" घटस्फोटाचं पान बाबांनी फाइलच्या तळाशी ठेवलंय, मागितलं तरच द्यायचं म्हणून. अजून मागितलेलं नाही.

पुणेरी पाटी
आणि सुरी?

हापूसवाली
सुरी अजून ओहायोतच आहे.

बटाटेभात
सासरे इंडियानात होते हो. तिथे लग्नाची नोंद कुठे असते? प्रोबेटमध्येच का?

क्लीव्हलंडकर
नाही, तिथे काउंटी क्लर्ककडे. नवीन धागा काढा, आडनाव सांगा.